आजाच्या नावाखालचा रकाना

ब्रिस्टलहून सुहासच्या होणाऱ्या विहीणबाई आल्या आणि तुमचे आजोबा काय काम करायचे असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी नुकताच जेवून टेकलो होतो. ब्याऐंशीव्या वर्षी माणसाला जेवल्यावर काही विचारू नये. खरं तर जेवायच्या आधीही विचारू नये. पण बाई लांबून आल्या होत्या, येताना स्वतः केलेला लिंबाचा केक घेऊन आल्या होत्या, आणि केक खाल्लेल्या माणसाला उत्तर द्यावंच लागतं.

बाईंचं नाव गिलियन. त्यांचा मुलगा बेन आणि माझी नात तनू यांचं जूनमध्ये ब्रिस्टलला लग्न ठरलं होतं. सुहास माझा मुलगा, तनूचा बाप. त्याच्याच लंडनमधल्या हॅरोच्या घरात मागच्या खोलीत मी राहतो. गिलियनबाई शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. निवृत्त इंग्रज माणसाला दोन नाद असतात: बागेतल्या गोगलगायी मारणं आणि मेलेले पूर्वज उकरणं. गिलियनबाईंना गोगलगायींची दया येते.

त्यांनी जेवणाच्या टेबलावर कागदाची एक लांबलचक गुंडाळी उलगडली. चार कोपऱ्यांवर चार कप ठेवले तेव्हा ती सपाट बसली. डाव्या बाजूला बेनचं घराणं. प्रत्येक नावाला एक चौकट, नावाखाली जन्म-मृत्यूची सालं आणि त्याखाली कामाचा रकाना. कुणी जोडे शिवायचा. कुणी गटारं उपसायचा. एक बाई लोकांचे कपडे धुवायची. एकानं मेंढी चोरली म्हणून त्याला बोटीत घालून ऑस्ट्रेलियाला पाठवलेला. त्याच्यावर बोट ठेवताना गिलियनबाईंचा चेहरा असा फुलला की पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले.

मी मात्र दुसरंच बघत होतो. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा सुतार. सुताराचा मुलगा पोस्टात. पोस्टातल्याची मुलगी मास्तरीण. बापाच्या रकान्यातून मुलगा असा खांदे झटकून सहज बाहेर पडतो, हे नुसतं बघूनच मला दम लागला.

उजव्या बाजूला आमचं घराणं. तनू, आर्किटेक्ट. सुहास, अकाउंटंट. मग मी, दीनानाथ, प्रिंटर. वॉटफर्डच्या छापखान्यात माझा जन्म गेला. माझ्यावर माझे वडील, रस्त्याच्या कामावर मुकादम. त्यांच्यावर माझा आजा, सटवा. त्याच्या चौकटीत नाव होतं आणि खाली कोरी जागा.

"एवढाच एक राहिला," गिलियनबाई म्हणाल्या. त्या इंग्रजीतच बोलल्या, पण इतक्या अदबीनं की मला ते मराठीतच ऐकू आलं. "शनिवारी संध्याकाळी हे छापायला द्यायचंय. हॉलच्या दारात लावणार, दाराएवढं. एकच चौकट रिकामी राहिली तर वाटेल, या माणसाची कुणी चौकशीच केली नाही."

"आजोबा, तुम्ही सांगा ना," तनू म्हणाली. "पण खरा खरा. तुमचा गोष्ट नको."

तनूचं मराठी असंच आहे. तिच्या तोंडी आजी 'आला' असतो आणि आजोबा 'आली' असते. आम्हाला सवय झालीय.

आता, मी खोटं बोलत नाही. खऱ्याला जरा पुढं चालायला लावतो, इतकंच. म्हणून मी गिलियनबाईंना सांगितलं ते असं. माझा आजा सटवा माणदेशातला सगळ्यात वेगवान माणूस होता. पहाटे तो इतक्या झपाझप निघायचा की त्याची सावली अजून उठलेलीच नसायची. तो दहिवडीला पोचायचा, काम उरकायचा, परत निघायचा, तेव्हा कुठं अर्ध्या वाटेत सावली धापा टाकत समोरून यायची. मग दोघं एका बाभळीखाली बसायचे. सावली तंगड्या दाबत म्हणायची, सटवा, उद्यापासून मी घरीच राहते.

गिलियनबाईंनी पेन्सिलीनं लिहिलं: रनर? पुढं प्रश्नचिन्ह. बाई चांगल्या होत्या.

"आजोबा," तनू म्हणाली, "हा जॉब नाही. हा मॅजिक आहे."

त्या गेल्यावर तनूनं साताऱ्याच्या माझ्या पुतण्याला मेसेज केला. त्याच्याकडे आजाच्या मृत्यूच्या नोंदीची नक्कल होती. मुलीच्या जात पडताळणीसाठी त्यानं ती काढलेली. गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी वही असते, कोतवाल बुक म्हणतात तिला. जुनी पानं मोडीत. तहसील कचेरीत खेटे घालून, मोडी वाचणाऱ्याकडून उतरवून, शिक्के मारून घेतलेला कागद. त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी तनूच्या फोनवर आला. आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभे राहून तो मोठा करकरून वाचत होतो.

नाव, सटवा. साल, एकोणपन्नास. मरणाचं कारण, ताप. जात, महार. धंदा...

तनूनं बोटानं चित्र सरकवलं. धंद्याच्या रकान्यातही तोच शब्द होता. महार.

"दे हॅव रिटन इट ट्वाइस," तनू म्हणाली. "क्लार्क चुकला?"

"नाही चुकला," मी म्हणालो. वरच्या ओळीत कुणाचा धंदा शेती होता, त्याच्या वरच्याचा किराणा. कारकून बरोबर लिहीत आला होता आणि आमच्यापाशी आल्यावरही त्याला वाटलं, आपण बरोबरच लिहितोय. आजाचं जन्मणं हेच त्याचं काम. ते त्यानं चोख केलं होतं.

सुहासनं केटल लावली. काही सुचलं नाही की तो केटल लावतो. "बाबा, फार्मर लिहा आणि मोकळे व्हा. सगळ्यांचे आजोबा फार्मरच असतात."

"जमीन कुठं होती?"

"ते कोण बघायला जातंय?"

"किंवा हेच लिहू," तनू म्हणाली. ती विहारातल्या तरुणांच्या अभ्यासवर्गाला जाते, तिथं ती अशी सरळ बसून बोलायला शिकलीय. "जे लिहिलंय ते. लाज आपल्याला कशाला? ज्यांनी लिहिला, त्यांना पाहिजे."

"तनू, लग्न आहे ते, सेमिनार नाही," सुहास म्हणाला. "गोऱ्यांना त्यातलं काही कळणार नाही. पण आपली हॅरोची मंडळी येतायत ना. माझ्या ऑफिसचे पुण्याचे लोक. त्यांना एका सेकंदात कळेल. मग केक खाताना सगळे एकदम जास्त गोड बोलायला लागतील. मला ते गोड बोलणं नकोय."

दोघांचंही खरं होतं. मी खुर्चीत बसलो. मला कुणाशीच भांडायचं नव्हतं. तुमचं आडनाव काय, गाव कुठलं, म्हणजे तुम्ही नक्की कोण, या तीन पायऱ्या मी साठ वर्षं या देशात राहूनही चढतोय, आणि गुडघे आता गेलेत. तिकडे ज्या कागदासाठी पुतण्यानं चपला झिजवल्या, तो कागद इकडे मांडवाच्या दारात नको होता. मला फक्त एवढंच हवं होतं: आजाच्या नावाखाली त्यानं केलेलं एखादं काम असावं. जन्मण्याशिवाय दुसरं, एखादं तरी.

आणि गंमत अशी की मला ते माहीत आहे असं मी सगळा जन्म धरून चाललो होतो.

मला आठवतं ते असं. मी पाच-सहा वर्षांचा असेन. शिवेवर बाभळीपाशी आम्ही पोरं खेळायचो. लांबून धुरळा दिसायचा आणि त्यातून एखादी बैलगाडी यायची. गाडीच्या पुढं आजा. गाडीकडे पाठ, हातात काही नाही, मोठमोठ्यानं बोलत चाललेला. गाडीतली माणसं चांगल्या कपड्यांत, बायका नथ घातलेल्या, आणि सगळी हसत असायची. आजाच्या गोष्टींना हसत असायची. मला केवढा अभिमान वाटायचा. पाहुणे आले, आज्यानं पाहुणे आणले, असं ओरडत मी घरी पळायचो. आई दर वेळी एक मुस्काटात द्यायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. आमच्या लहानपणी मुस्काटात खायला कारण लागत नसे.

म्हणजे आजा पाहुणे आणायचा. पण हे लिहिणार कसं? आणि कुणाचे पाहुणे? आमच्या घरी तर कुणीच यायचं नाही.

हे सांगू शकेल असं एकच माणूस जगात उरलं होतं, ते वॉटफर्डला. माझी थोरली बहीण कांताबाई, आमची अक्का. तिची मुलगी राजश्री तिकडं असते, तिच्याकडं ती राहते. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. दर महिन्याला मी तिला भेटतो, आणि दर महिन्याला एकच होतं: मी एखादी गोष्ट सुरू केली की ती उठते. पूर्वी चुलीकडं जायची, मग गॅसकडं, आता पाय चालत नाहीत म्हणून टीव्हीचा आवाज वाढवते. अक्कानं माझी एकही गोष्ट आजवर शेवटपर्यंत ऐकलेली नाही. मला वाटायचं, थोरल्या बहिणी अशाच असतात.

शनिवारी सकाळी तनू आणि मी गाडीनं गेलो. स्टेशनच्या जिन्यावर तनूनं माझा हात धरला. मी म्हटलं, मी तुला धरलंय असं समज. राजश्रीनं दार उघडलं, दुकानातून दूध आणते म्हणून ती बाहेर पडली, आणि आम्ही आत गेलो. अक्का खिडकीपाशी खुर्चीत, मांडीवर ब्लँकेट, समोर टीव्हीवर प्रश्नमंजूषा. तिला इंग्रजी येत नाही, पण कोण हरणार हे ती आधी सांगते आणि ते खरं निघतं.

"आलास का दीन्या," ती टीव्हीकडं बघतच म्हणाली. "ह्या पोरीला कशाला दमवलंस?"

"तीच मला घेऊन आली."

"अक्काआजी, कसा आहेस?" तनू तिच्या पाया पडली.

"हाय अजून. तू बारीक झालीस. लग्नात साडी अंगावर ठरायला नको का?"

मी कागदाचं सांगितलं. विहीणबाई, चौकटी, मेंढीचोर. मेंढीचोराला अक्का हसली. "त्यांचं बरं हाय. चोर गावला तरी कौतुक." मग आजाच्या मृत्यूची नोंद सांगितली. त्याला ती हसली नाही.

"मग लिहा की तेच. सरकारनं लिहिलंय."

"अक्का, तो काम काय करायचा? मला आठवतं, तो पाहुणे आणायचा. बैलगाडीपुढं चालत, गोष्टी सांगत. ती सावलीची गोष्ट, ती त्याचीच..."

अक्कानं रिमोट उचलला. आवाज वाढवणार असं मला वाटलं. तिनं टीव्ही बंद केला.

"पाहुणे," ती म्हणाली. "एवढा म्हातारा झालास आणि अजून पाहुणेच म्हणतोस."

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"मयताचा सांगावा न्यायचा तो," अक्का म्हणाली. "गावात कुणी मेलं की लांबच्या सोयऱ्यांना सांगायला आपल्यातला माणूस धाडायचे. पाटलाच्यात मेलं, वाण्याच्यात मेलं, कुणाच्यात बी. उन्हातान्हात. ती गावकीची कामं. पैसा न्हाय, भाकरी मिळाली तर मिळाली."

तनूनं माझ्याकडं पाहिलं. मी तिला सांगितलं, मरणाची बातमी पायी नेऊन पोचवायचं काम. तिनं मान हलवली. तिला तेवढं कळलं होतं.

"पण ती माणसं हसत होती, अक्का," मी म्हणालो. "मी बघितलंय."

"हसत असणारच. त्यांना सांगितलेलंच नसायचं." तिनं ब्लँकेट नीट केलं. "दुसऱ्या गावचे सांगावेवाले दारात जाऊन बोंब ठोकायचे. आजा तसं न्हाय करायचा. त्याची घुंगराची काठी असायची, ती हातात दिसली की लोक समजायचे. म्हणून तो काठी त्या गावाबाहेर झाडाला अडकवायचा आणि मोकळ्या हातानं जायचा. सांगायचा, गाय व्यालीय, बोलावलंय. थोरल्याचं जमलंय, बघायला बोलावलंय. चांगलं लुगडं नेसून चला. परत येताना काठी गुपचूप गाडीखाली बांधायचा."

"पण व्हाय?" तनू म्हणाली. "खोटं कशाला? ते क्रूएल नाही का?"

"मधी घाट हाय, बाई. पायी नाहीतर गाडीनं, दिवसाची वाट. वाटेत एखादी बाई आडवी पडली, बेसुद्द झाली, तर तिला उचलणार कोण? आजा? त्याला शिवायची बंदी. ती मेली असती तरी त्यानं लांब उभं राहून बघायचं. एकदा झालं होतं तसं. त्याच्या तरुणपणी. घाटात एक म्हातारी बसली ती उठलीच न्हाय, हा पाण्याचं मडकं घेऊन दहा हातांवर उभा. तिला पाणी देता येईना. तवापासनं त्यानं हे काढलं. माणसं त्यांच्या पायानं घरी पोचली पाहिजेत. म्हणून पुढं चालायचा, पाठ करून. तोंड कुणाला दिसू द्यायचं न्हाय आणि बोलणं थांबू द्यायचं न्हाय. शिव आली की गप व्हायचा आणि डोक्याचं मुंडासं काढून हातात घ्यायचा. मग त्यांना कळायचं. घर तिथनं जवळ असायचं. तिथं शिवणारी माणसं असायची."

आणि मी दर वेळी त्या शिवेवरून पळत घरी गेलो होतो. मुंडासं काढायच्या आधी. आईच्या हाताचा अर्थ मला आता, वॉटफर्डला, सत्त्याहत्तर वर्षांनी लागला. गाल नाही दुखला. इतक्या उशिरा काय दुखणार?

"तुला कसं माहीत एवढं?" मी विचारलं. "तू तर त्याच्याबरोबर कधी..."

"गेले होते की. एकदाच. तूपण होतास."

"मी?"

"तुझ्या बाळंतपणाला आई आजोळी आली होती. मी तिच्यासंगं. आपला मधला, बाबू, त्याला घरी ठेवला होता बाच्याजवळ. तू महिन्याचा असशील. आणि एक दिवस आजा आला. म्हणाला, चला, घरी बारसं करायचंय, पेढे आणलेत. आई म्हणाली, एवढी काय घाई? तो म्हणाला, पेढ्यांना मुंग्या लागतील." खिडकीबाहेर कुणीतरी गाडी लावत होतं. ती लावून होईपर्यंत अक्का तिकडं बघत राहिली. "दिवसभर चाललो. आजा पुढं. तू आईच्या खांद्यावर. आणि तो सावलीची गोष्ट सांगत होता. किती हसवलं त्यानं. आईला तर चालवेना हसून. मी त्याच्या मागं उड्या मारत. सावली धापा टाकत येते, बाभळीखाली बसते, म्हणते मी लई दमले... आणि शिव आली. त्यानं मुंडासं काढलं. आई जागच्या जागी उभी राहिली. तिला माहीत होतं त्याचं काम. मला न्हवतं. मी हसतच होते. म्हणत होते, मग? सावलीचं पुढं काय झालं?"

बाबू नावाचा भाऊ मला होता, एवढं मला माहीत होतं. तापानं गेला, एवढंही. अक्कानं त्याचं नाव माझ्यासमोर त्या दिवशी दुसऱ्यांदा घेतलं असेल.

"म्हणून," ती म्हणाली, "तू गोष्ट सांगायला लागलास की मला ती शिव दिसते. वाटतं, कोण गेलं. तुझं तोंड त्याच्यासारखंच हाय. आवाजपण." मग जरा रागानं, "आणि सांगतोसपण बरी, मेल्या. ऐकावंसं वाटतं. म्हणून उठून जावं लागतं."

माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या गोष्टींबद्दल कुणी एवढं चांगलं बोललं नव्हतं. पण ते ऐकून घ्यायला मी फार थकलो होतो.

राजश्री दूध घेऊन आली, चहा झाला. तनू फोन हातात घेऊन बसली होती. संध्याकाळी छापायला जायचं होतं. "काय लिहायचा?" ती म्हणाली. "मेसेंजर ऑफ डेथ असं नाही लिहू शकत."

"ती काठी कुठं गेली, अक्का?" मी विचारलं.

"छप्पन सालच्या दीक्षेनंतर बानं सांगितलं, जुनं काय नको घरात. माहेरी आले होते तवा मीच चुलीत घातली. घुंगरं आधी काढली. एका वेळच्या भाकरी झाल्या तिच्यावर, चांगल्या झाल्या." तिनं चहा बशीत ओतला. "पोरी, लिही. माणसांना घरी आणायचा."

तनूनं टाइप करायला सुरुवात केली आणि थांबली. "पण ते टचचं? त्यांना शिवायचं नाही, म्हणून त्याला असं करावा लागला. ते कुठं लिहायचं?"

"ते लिहू नको," अक्का म्हणाली. "कुणी विचारलं तर सांग. तुझ्या तोंडानं, इंग्रजीत. लिहिलेलं लोक वाचतात आणि पुढं जातात. सांगितलं की थांबावं लागतं."

तनूनं इंग्रजीत पाठवलं. माणसांना घरी आणायचे. खोटं त्यात काही नव्हतं. मी असूनही.

जूनमध्ये लग्न झालं. पांढरे कपडे, त्रिशरण, पंचशील. बेननं पालीतले शब्द तनूपेक्षा शुद्ध म्हटले. हॉलच्या दारात तो दाराएवढा कागद लावलेला. गिलियनबाई आजाच्या चौकटीपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी तनूला विचारलं. तनूनं सांगितलं, काठीचं, घाटाचं, पाण्याच्या मडक्याचं, दहा हातांचं. मी लांबून बघत होतो. डोक्यावरची ती लग्नातली मोठी हॅट बाईंनी काढली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली. त्यांना मुंडाशाचं कुणी सांगितलेलं नव्हतं. ते तनू विसरली होती.

सुहासच्या ऑफिसातला एक पुण्याचा तरुण माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, म्हणजे सुहासचे पणजोबा टुरिझममध्ये होते का?"

"हो," मी म्हणालो. "पण फक्त परतीचा प्रवास."

तो हसला. त्याचं गोड बोलणं नेहमीएवढंच होतं. सुहासनं लांबून पाहिलं आणि केकची दुसरी फोड घेतली.

संध्याकाळी परत निघालो. सुहास गाडी चालवत होता, मी पुढं त्याच्या शेजारी, अक्का आणि राजश्री मागं. राजश्री लगेच झोपली. जूनचा उजेड संपता संपत नाही या देशात. वाटेतलं स्विंडन मागं पडलं.

"दीन्या," मागून अक्का म्हणाली.

"काय गं?"

"ती सावली घरी पोचली का मग?"

मी वळणार होतो. मान वळत नाही माझी आता, गाडीचा पट्टाही होता. "अक्का, कुणी गेलेलं नाही हां. सगळे आहेत."

"माहीत हाय. सांग तू."

मग मी समोरच्या काचेकडं बघत बोलायला लागलो. सावली बाभळीखालून उठली. सटवा तिला म्हणाला, घरी राहायचं तर आधी घरी पोचायला हवं, चल. ती म्हणाली, माझ्यानं चालवत नाही. मग सटव्यानं तिची घडी घातली, मुंडाशात बांधली आणि डोक्यावर घेतली. तिला शिवायची त्याला बंदी नव्हती. घाट उतरला, ओढा ओलांडला. घरी आल्यावर त्यानं मुंडासं सोडलं, ती उंबऱ्यात उतरली, आणि तिनं आधी पाणी मागितलं. हे शेवटचं मी त्या वेळी रचलं. आजा मला सांगायचा तेव्हा तो सावलीला बाभळीखालीच बसवून ठेवायचा. पुढचं त्यानं कधी सांगितलं नाही. का नाही, ते आता कळलं होतं.

"म्हणजे पोचली," अक्का म्हणाली.

"पोचली."

"बरं झालं."

थोड्या वेळानं मागून घोरणं ऐकू यायला लागलं, एक की दोन, ते काही कळेना. सुहासनं हळूच विचारलं, "बाबा, तुमच्या आजोबांनी ही गोष्ट खरंच अशी सांगितली होती?"

मी दमलो होतो. सूर्य आमच्या पाठीशी होता आणि गाडीची लांबच लांब सावली आमच्या पुढं, वॉटफर्डच्या दिशेनं धावत होती. मी तिला म्हटलं, जरा सावकाश.